वन्सं आणि गॅरेजचं सरकतं दार

दुखवट्याला आलेला माणूस जाताना ‘येतो’ म्हणत नाही. बसतो, पाणी घेतो किंवा घेत नाही, आणि उठून चालू लागतो. वन्सं गेल्या तेव्हा पौडातली आणि आसपासच्या गावांतली माणसं पंधरवडाभर अशी येऊन जात होती. ओटीवर बसून मी त्यांना जाताना पाहत असे. पायऱ्या उतरल्यावर माणूस रस्त्याकडे न वळता घराच्या डाव्या अंगाला जाई. तिथं आमचं गॅरेज आहे. दाराशी जरा उभं राही, दार हातभर सरकवी, पुन्हा होतं तिथं नेई आणि निघून जाई.

पहिल्या दिवशी मला वाटलं, एखाद्याच्या मनात सहज आलं असेल. पण मग बायाही तेच करू लागल्या. एका मेंढक्याच्या म्हाताऱ्या बायकोनं हातातली काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी दार सरकवलं आणि कान लावून ऐकत राहिली.

“वाजत न्हाई,” ती माझ्याकडे वळून म्हणाली. “अक्का व्हत्या तवा वाजत न्हवतं, तसंच हाय.”

मी मान हलवली. त्या सगळ्या दिवसांत मी पुष्कळ रडले, पण त्या वेळी रडू आलं नाही. मान ताठ झाली.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. माझे यजमान डॉक्टर. पौडात त्यांचा दवाखाना. ते वन्संना अक्का म्हणत, म्हणून सगळा गावही अक्का म्हणे. वन्सं म्हणणारी मी एकटीच. मी इथल्या शाळेत शिकवत होते. घरी आलं की पुस्तक उघडून बसायचं, हा माझा स्वभाव. घर चालायचं ते वन्संच्या जोरावर. त्यांचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. त्याविषयी या घरात कुणी बोलत नसे. मीही इथं बोलणार नाही. भावाकडे राहणाऱ्या बहिणीला घरात जसं जपून वागावं लागतं, तशा त्या वागत. स्वयंपाकात काय करायचं ते मला विचारून करत. नवं लुगडं कधी मागितलं नाही. मागितलं ते एक दार.

ते असं झालं. डॉक्टरांनी एक जुनी काळी मोटार घेतली. तालुक्यात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. गाडी ठेवायला घराशेजारचा रिकामा गोठा होता. भिंती भक्कम, छप्पर चांगलं, फक्त दार नव्हतं. मुळशीतल्या पावसात गाडी उघडी ठेवली तर श्रावणापर्यंत तिच्यात शेवाळ उगवेल, हे सगळ्यांना कळत होतं. सुतारानं दोन फळ्यांचं, बिजागऱ्यांवर उघडणारं दार सुचवलं. डॉक्टर हो म्हणाले. वन्सं आतून पदराला हात पुसत आल्या.

“बाहेर उघडलंत तर बोळ अडेल,” त्या म्हणाल्या. “धोंडिबांची बैलगाडी कुठून जायची? आत उघडलंत तर गाडीच्या नाकावर आपटेल. सरकतं दार हवं. मालधक्क्याला असतं तसं.”

त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, रेल्वेत मालधक्क्यावर बाबू होते. वन्संचं लहानपण लोणावळ्याला मालधक्क्याच्या दारांशी खेळण्यात गेलं होतं. तिथली दारं रोज दहा माणसांच्या हातून सरकत आणि रोज कुठं ना कुठं बिघडत. ती दुरुस्त होताना वन्सं बघत बसत. बाकीच्या मुली सागरगोटे खेळत असतील.

डॉक्टर म्हणाले, “अक्का, माणूस घाबराघुबरा होऊन बोलवायला येतो. अशा वेळी तुझं हे रेल्वेचं दार अडून बसलं तर?”

“अडणार नाही.”

“अडलं तर?”

“बाळू, या दारापायी एक रोगी जरी खोळंबला, तर मी माझ्या हातानं ते फोडून सरपणाला देईन. मग तू बिजागऱ्या लाव नाहीतर झावळ्या बांध. मी पुन्हा या घरात कशात तोंड घालणार नाही.”

शेवटचं वाक्य ऐकून डॉक्टरांनी सुताराला थांबवलं. मीही पुस्तक मिटलं. हे बोलणं नुसतं दाराविषयी नव्हतं. या घरात आपल्या मताला जागा आहे की नाही, हे वन्संना एकदा अजमावून बघायचं होतं, आणि त्यांनी सगळं त्या एका दारावर लावलं होतं.

दार लोणावळ्याच्या जुन्या बाजारातून आलं. जाड सागवानी फळ्यांचं, एकसंध. ते आणलं धोंडिबांनी, त्यांच्या बैलगाडीतून. धोंडिबा आमचे शेजारी, बोळाच्या पलीकडचे. शेती होती, आणि भाड्यानं गाडी हाकत. मोटार आल्यापासून त्यांना तिचा थोडा राग होता आणि दाराचं तर हसूच येई.

“अक्का, हे दार न्हवं, रेल्वे हाय,” ते म्हणाले. “शिट्टी कुटं हाय हिची?”

“शिट्टी मारायला तुम्ही आहातच की,” वन्सं म्हणाल्या.

दाराची रचना सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. खाली जमिनीत एक लोखंडी रूळ बसवला होता. त्याला मधोमध खाच होती आणि त्या खाचेतून दाराच्या बुडाची दोन चाकं फिरत. वरच्या बाजूला दाराचा माथा दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये राही, म्हणजे दार पुढं-मागं कलंडू नये. यातली पुढची पट्टी सुतार खिळ्यांनी ठोकणार होता. वन्संनी ठोकू दिली नाही. ती त्यांनी खुंट्यांवर बसवायला लावली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्याचं एक कारण आषाढात कळलं. आमच्याकडचा पाऊस असा, की पितळेच्या डब्यातलं मीठ पाणी होतं आणि पुस्तकांची पानं एकमेकींना चिकटतात. दार फुगलं. माथा वरच्या पट्ट्यांमध्ये घासू लागला. दवाखान्यातले कंपाउंडर सुताराकडून रंधा घेऊन आले.

“ठेवा तो खाली,” वन्सं म्हणाल्या.

“अक्का, जरासं तासतो. मोकळं होईल.”

“आज मोकळं होईल आणि चैत्रात लटालटा हलेल. पावसात फुगलेल्या लाकडाला रंधा लावायचा नाही. पोटुशीच्या अंगाचं माप घेऊन झंपर शिवाल का?”

कंपाउंडर लाजून रंधा घेऊन परत गेले. वन्संनी स्टुलावर चढून पुढच्या पट्टीच्या खुंट्या सैल केल्या, पट्टीमागं लाकडाच्या पातळ चकत्या सरकवल्या आणि खुंट्या पुन्हा आवळल्या. फट तेवढीच वाढली. दार सुटलं. दिवाळीनंतर चकत्या काढून घेतल्या. पुढं दरवर्षी हे ठरून गेलं. लोकरीचे कपडे काढावेत-घालावेत तशा त्या दाराच्या पावसाळी चकत्या काढत-घालत. उन्हाळ्यात लाकूड पुरतं वाळलं की कडांना जवसाचं तेल पाजत. मेणबत्तीचं थोटूक वरच्या पट्ट्यांवर घासत. लाकडाला मेण, चाकाच्या कण्याला तेलाचा एक थेंब, आणि रूळ मात्र कोरडा, ही त्यांची शिस्त.

रूळ कोरडा ठेवण्यावर त्यांचा फार कटाक्ष. सकाळी अंगणात सडा-रांगोळी झाली की त्या खराट्याची एक काडी मोडून घेत, रुळाशी उकिडवं बसत आणि खाच कोरून काढत. खडे, पानं, चिंचोके, कोंबडीचं पीस. आदल्या दिवशी बोळातून कोण कोण गेलं ते त्यांना त्या केरावरून कळे. “काल कुणाच्या तरी घरी मुरमुरे आलेत,” असं म्हणत. मग दार एकदा उघडून एकदा मिटत आणि ऐकत. दार बोललं, की कुठंतरी दुखतंय असं समजायचं, हे त्यांचं म्हणणं. मधल्या घरात ताक घुसळत असल्या आणि डॉक्टरांनी दार सरकवलं, तरी आतून ओरडत, “उजवं चाक कुरकुरतंय! आल्यावर बघते!”

दुरुस्तीचं सामान एका खणाच्या पिशवीत असे. पाना, पेचकस, हातोडी, मेणबत्ती, काही सुटे स्क्रू. पिशवी देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला. माझ्या माहेरची एक आत्या एकदा आली होती. तिनं नाक मुरडलं, “देवाशेजारी पाने-हातोड्या?”

“देवाला चालतं,” वन्सं म्हणाल्या. “तुम्हाला नसेल चालत तर तुम्ही मधल्या घरात बसा.”

गाडीची जुनी, जादा म्हणून ठेवलेली ट्यूबही त्या पिशवीत होती, पण आम्हाला ठाऊक नव्हतं. दाराखालून पाणी आणि उंदीर आत येत. वन्संनी एक दिवस ट्यूब उभी चिरली आणि तिची पट्टी दाराच्या बुडाला ठोकली. पाणी थांबलं, उंदीर थांबले. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांची गाडी कोळवणच्या रस्त्यात पंक्चर झाली आणि त्यांनी जादा ट्यूब शोधली. ते चालत घरी आले. वन्संनी त्यांना गरम पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि ताटात भात घालताना म्हणाल्या, “ट्यूब दाराला आहे. लागत असेल तर काढून देते, पण मग उंदीर तू हाकल.”

दाराला कुलूप नव्हतं. नुसती कडी. एकदा गावात चोऱ्यांचा बोभाटा झाला आणि फौजदार सगळ्यांना सावध करत फिरले. आमच्या गॅरेजला कुलूप नाही, हे पाहून ते वन्संवर रागावले.

“बाई, मोटार आहे आत! एखाद्यानं नेली म्हणजे?”

“नेणार कुठं? पुढं धरण आहे आणि मागं पुणं. बोळातून गाडी मागं घ्यायला बाळूला अजून जमत नाही, चोराला काय जमणार?” मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “किल्ली हरवते हो. नेमकी नको तेव्हा हरवते. गाडी गेली तर दुसरी घेऊ. किल्ली शोधण्यात माणूस गेलं तर?”

फौजदार चहा घेऊन गेले. कुलूप काही आलं नाही.

अशी काही वर्षं गेली. या वर्षांत दारामुळं कधी कुणी खोळंबलं नाही. वन्सं तसं बोलून दाखवत नसत, पण डॉक्टरांची गाडी बोळातून बाहेर पडून वळणाआड गेली, की दार मिटताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे. पोरगी परीक्षेत पहिली यावी तसा.

आणि मग तो दसरा आला.

त्या पावसाळ्यात धोंडिबांची बायको तापानं अगदी हातातून गेली होती. डॉक्टरांनी तिला वाचवलं. धोंडिबांचा मोटारीवरचा राग तेव्हाच विरघळला. या उपकाराचं काहीतरी करावं, असं त्यांच्या मनात होतं. खंडेनवमीला गावात अवजारांची, गाड्यांची पूजा असते. धोंडिबांनी त्या दिवशी आपली बैलगाडी धुतली, मग आमची मोटार धुतली, तिला झेंडूच्या माळा घातल्या. आम्ही सगळी दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांची पूजा मांडत होतो. तेवढ्यात त्यांचं लक्ष रुळाकडे गेलं. कोरडा ठणठणीत, लोखंड उघडं. गाडीवानाच्या जिवाला ते बघवेना. फिरणाऱ्या वस्तूला कोरडं ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी बैलाला उपाशी ठेवणं. त्यांनी आपल्या गाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा आणला, आणि एरंडेल व काजळीचं ते काळं घट्ट वंगण रुळाच्या खाचेत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं. कंजुषी केली नाही. सणाचा दिवस होता.

दसऱ्याला सकाळपासून घरात माणसांची ये-जा. रांगोळी उडाली, झेंडूच्या पाकळ्या पडल्या, अक्षता सांडल्या, लवकर येणारा हळवा भात झोडायला सुरुवात झाली होती त्याचा तूस बोळातून वाऱ्यावर येत होता. हे सगळं वंगणात जाऊन बसलं. वन्संनी त्या सकाळी रूळ कोरला नव्हता. पुरणावरणाच्या गडबडीत वर्षातून तो एकच दिवस राहून जाई.

दुपारी पाटावरून उठतच होतो, तोवर जवळच्या चांदे गावाहून एक माणूस सायकलवर आला. धापा टाकत होता. शेतात कापणी करताना त्याच्या बायकोला घोणस चावली होती.

“पाय सुजलाय, डागतर. बोलतीया, पर डोळं मिटतीया.”

डॉक्टरांनी सर्पदंशाचं औषध पिशवीत टाकलं आणि ते गॅरेजकडे धावले. दार ओढलं. दार हातभर सरकलं आणि थांबलं.

पुन्हा ओढलं. थांबलं ते थांबलंच. कंपाउंडर आले, धोंडिबा आले, सायकलवाल्यानंही हात लावला. सगळ्यांनी मिळून ओढलं तशी चाकं त्या चिखलात आणखी रुतली. कुणीतरी पहार आणायला पळालं. डॉक्टरांनी मागं वळून पाहिलं आणि ते जे बोलले, तसं त्यांनी बहिणीशी आधी किंवा नंतर कधी बोललेलं मला आठवत नाही.

“अक्का! तुझं दार!”

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला पुरण लागलेलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या पुढं आल्या, वाकल्या, बोट खाचेत घातलं आणि नाकाशी नेलं. एरंडेलाचा वास त्यांना कळला असणार. धोंडिबांकडे त्यांनी एकदा बघितलं.

“कुणी ओढू नका,” त्या म्हणाल्या. “पहार ठेवा खाली. बाळू, तू त्या फटीतून आत जा आणि गाडी सुरू कर.”

“दार बंद आहे अक्का, गाडी सुरू करून—”

“आत जा!”

डॉक्टर अंग चोरून आत गेले. वन्सं लुगड्याचा काचा खोचून स्टुलावर चढल्या. वरच्या पट्टीच्या खुंट्या एकामागून एक हातोडीनं उलट्या ठोकून काढल्या. पट्टी निघून हातात आली. दाराचा माथा मोकळा झाला.

“आता धरा दोन्ही बाजूंनी. ओढायचं नाही, उचलायचं. सरळ वर. धोंडिबा, तुम्ही चाकापाशी. हं, उचला!”

आतून हँडल मारल्याचा आवाज येत होता. बाहेर बाप्यांनी दार उचललं. चाकं चिखलातून सुटताना चर्रर आवाज झाला, आणि ते सागवानी धूड रुळावरून निघून बोळाच्या भिंतीला टेकलं. गोठा उघडा पडला. वन्सं तेवढ्यात रॉकेल शोधायला घरात गेल्या. गाडी झेंडूच्या माळांसकट बाहेर आली, सायकलवाल्याला आत घेतलं आणि भुरकन गेली.

मग सगळे पांगले. दसऱ्याचं सोनं वाटायलाही कुणी थांबलं नाही. वन्सं मात्र रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन रुळाशी बसल्या. मी जवळ गेले.

“वन्सं, उद्या करा ना. आता हे दार कुठं...” आणि मला पुढं बोलवेना. त्यांनी दिलेला शब्द आम्हा दोघींनाही आठवत होता.

“मेलेल्यालासुद्धा आंघोळ घालतात, सुधा,” त्या म्हणाल्या. “घाण तशीच ठेवून कसं चालेल?”

धोंडिबा बोळाच्या पलीकडे उभे होते. येऊ की नको करत आले आणि लांबच बसले.

“अक्का, म्या घातलं वंगान.”

“कळलं मला.”

“मला वाटलं, लई कोरडं हाय. चाकाला घालतोच की आपुन.”

“चाकाला घालता, धोंडिबा. तुमच्या गाडीला तुम्ही रस्त्याला वंगण घालता का?”

धोंडिबा विचारात पडले. “न्हाई.”

“हा रूळ म्हणजे माझ्या चाकाचा रस्ता. फिरतं ते चाक. रूळ नुसता पडून असतो. नुसत्या पडून असणाऱ्याला वंगण लागत नाही.”

“म्हंजी आमच्या थोरल्यावानीच म्हना की,” धोंडिबा म्हणाले.

वन्संना हसू आलं. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे टिपले. मग धोंडिबा जवळ सरकले, एक चिंधी उचलली, आणि अंधार पडेपर्यंत दोघं ती खाच पुसत बसले. उठताना वन्सं म्हणाल्या, “सकाळी तुमची कुऱ्हाड द्या. चांगली पाजळलेली.”

“कशाला?”

“सरपण करायचंय.”

डॉक्टर सकाळी परतले. रात्रभर चांद्याला त्या बाईच्या उशाशी होते. गाडी बोळाच्या तोंडाशी लावून ते चालत आले, तेव्हा वन्सं भिंतीला टेकलेल्या दारासमोर कुऱ्हाड घेऊन उभ्या होत्या. धोंडिबा आणि कंपाउंडर बाजूला अपराध्यासारखे उभे. मी ओटीवर.

“बाई?” वन्संनी विचारलं.

“वाचली. पेज घेतलीय. पाय दुखेल काही दिवस.” मग त्यांनी कुऱ्हाड पाहिली. “हे काय चाललंय?”

“दिलेला शब्द पाळते आहे. माझ्या दारानं रोगी खोळंबला. कुणामुळं, कशामुळं ते सांगत बसणार नाही. दार माझं होतं.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते मुळात कमी बोलणारे.

“अक्का, मी आत हँडल मारत होतो,” ते म्हणाले. “गाडी धुताना पाणी गेलं होतं कुठंतरी. सुरूच होईना. तुम्ही दार उचलून ठेवलंत, गोठ्यात उजेड आला, तेव्हाही मी हँडलच मारत होतो.”

“मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस.”

“खोटं न्हाई अक्का!” धोंडिबा एकदम म्हणाले. “म्या दार भितीला लावून, घाम पुसून, पानी पिऊन आलो. तवर सायेब फिरवीतच व्हते. शेवटाला चांदेकरानं हात लावला तवा कुटं गाडी बोलली.”

कंपाउंडरांनीही मान डोलावली. वन्संनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. डॉक्टर हसत नव्हते, कीव करत नव्हते. रोग्याच्या नातेवाइकाला जे असेल ते सांगावं तसं सांगत होते. मग वन्संनी कुऱ्हाडीचा दांडा भावापुढं धरला.

“मग हे घे,” त्या म्हणाल्या, “आणि तुझी गाडी सरपणाला दे.”

डॉक्टर इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “दार असं उचलून बाजूला ठेवता येतं, हे मला कधी सांगितलं नव्हतंस.”

“तू कधी विचारलं नव्हतंस.”

“मी आणखीही पुष्कळ गोष्टी विचारलेल्या नाहीत, असं दिसतं,” डॉक्टर म्हणाले. त्यानंतर घरातली कोणतीही गोष्ट वन्संना विचारल्याशिवाय ठरली नाही. दवाखान्याला खोली वाढवायची ठरली तेव्हा कंत्राटदाराला डॉक्टरांनी सांगितलं, “आधी आतल्यांशी बोला.” आतल्या म्हणजे मी नव्हे, हे त्यालाही माहीत होतं.

दार पुन्हा बसवलं. वन्संनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना ते काढायला आणि बसवायला शिकवलं. दर पावसाळ्याआधी त्या सराव करून घेत. डॉक्टर, कंपाउंडर आणि मी दार उचलतो आहोत आणि वन्सं स्टुलावरून हुकूम सोडताहेत, हे दृश्य बघायला बोळात माणसं जमत. कुणीतरी हसे, आणि वन्सं त्यालाच हाक मारून एका टोकाला लावत. अशी निम्म्या गावाला ती विद्या येत गेली.

धोंडिबांना त्यांनी रागावून दूर केलं नाही. उलट मान दिला. दर खंडेनवमीला, मोटारीला हळदकुंकू वाहून झालं की धोंडिबा धुवट धोतर नेसून येत. वन्सं त्यांच्या हातात मोराचं पीस आणि तेलाची वाटी देत. धोंडिबा पिसाच्या टोकानं प्रत्येक चाकाच्या कण्याला तेलाचा एक थेंब लावत, फक्त कण्याला, आणि मग रूळ आपल्या उपरण्यानं कोरडा पुसत. नवं कुणी बघायला आलेलं असलं तर त्याला ऐकवत, “हितं वंगान घालायचं नसतं. त्यो रस्ता हाय.”

धोंडिबा गेले, तेव्हापासून त्यांचा थोरला येऊन ते करतो.

या चैत्रात वन्संच्या छातीत दुखू लागलं. दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी घाम फुटला तेव्हा डॉक्टरांनी नाडी बघितली आणि लगेच पुण्याला न्यायचं ठरवलं. वन्सं उठून स्वतः दार उघडायला निघाल्या. डॉक्टरांनी दंड धरून थांबवलं. तेव्हा त्या माझ्याकडे बघून नुसतं “बरं” म्हणाल्या.

मी दार सरकवलं. गाडी बाहेर आली. इतक्या वर्षांत वन्संना त्या गाडीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी निघाली की त्या नेहमी दारापाशी असत. मागच्या बाकावर त्यांना उशी दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि ताठ बसल्या. मी काचेशी वाकले.

“वन्सं, काही सांगायचंय?”

मला वाटलं, चकत्यांचं सांगतील, तेलाचं सांगतील.

“हळदीकुंकवाची डाळ भिजत घातलीय,” त्या म्हणाल्या. “कैरी आंबट आहे, बेतानं घाल.”

गाडी हलली. मी दार मिटायला घेतलं. एक डोळा दारावर आणि एक गाडीवर. मला खात्री होती, त्या वळून बघतील. मी नीट मिटते आहे की नाही, चाक कुरकुरतंय का, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नाही. म्हणून मी ते फार जपून, एका चालीत नेलं.

मागच्या काचेतून त्यांचा पांढरा अंबाडा दिसत होता. बोळ संपेपर्यंत दिसत होता. गाडी पुण्याच्या रस्त्याला वळली, तरी त्यांनी मान वळवली नाही. त्या पुढं बघत होत्या.